हातगुण : ईश्वराची देणगी आणि वैद्याचे उत्तरदायित्व



विषयप्रवेश

'हातगुण' हा शब्द ज्याच्या कानावर पडला नाही असा वैद्य विरळाच. एकच कल्प, एकच मात्रा, एकच अनुपान. तरीही एका वैद्याच्या हातून रुग्णास आठ दिवसांत उतार पडतो आणि दुसऱ्याच्या हातून महिना लोटतो. अशा वेळी लोक म्हणतात, "त्यांच्या हाताला गुण आहे, देवाने त्यांना यश दिले आहे." वैद्यही मान लववून "सारी ईश्वराची कृपा" असे उत्तर देतो. हा संवाद इतका अंगवळणी पडला आहे की त्यातील अर्थाचा विचार करावा, असे सहसा कोणास वाटत नाही.

प्रस्तुत लेखात तोच विचार करावयाचा आहे. हातातील कौशल्य आणि शरीरातील बळ ही ईश्वरदत्त देणगी आहे असे आपण खरोखरीच मानत असू, तर त्या श्रद्धेचा आपल्या रुग्णपरीक्षणावर, औषधनिर्मितीवर आणि शिष्यांना शिकविण्यावर कोणता परिणाम व्हावयास हवा? लेखकाची श्रद्धा आस्तिकाची आहे, हे आरंभीच नमूद करतो. परंतु श्रद्धा ही सबब होऊ शकते, हेही लेखकाने स्वतःच्या चिकित्सालयात पाहिले आहे. म्हणून प्रथम तो अनुभव.

एक अनुभव

लेखक पनवेल तालुक्यातील उलवे येथे व्यवसाय करतो. काही वर्षांपूर्वी, चिकित्सालयाचा जम बसल्यानंतरच्या काळात, 'या डॉक्टरांच्या हाताला गुण आहे' अशी बोलवा परिसरात झाली होती. सायंकाळी गर्दी होत असे. अशाच एका सायंकाळी पंचावन्न-साठ वर्षांचे, अनेक वर्षांपासून मधुमेह असलेले एक गृहस्थ पायाला सूज आली म्हणून आले. वेदना विशेष नव्हती. लेखकाने टेबलापलीकडूनच पाय पाहिला, रक्तशर्करेचा अहवाल वाचला, पोटात घेण्यासाठी एक गुग्गुळकल्प आणि बाहेरून लावण्यास लेप लिहून दिला व चार दिवसांनी या म्हणून सांगितले.

चौथ्या दिवशी त्यांना थंडी वाजून ताप भरला. मुलाने त्यांना रुग्णालयात नेले. तळपायात खोलवर पू साचला होता. शस्त्रकर्म करावे लागले आणि पायाची दोन बोटे गेली. पुढे दोन महिन्यांनी ते गृहस्थ काठी टेकीत चिकित्सालयात आले. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. ते म्हणाले, "डॉक्टर, तुमच्या हाताला गुण आहेच, माझंच नशीब खोटं."

हे वाक्य लेखकाला आजही बोचते. कारण त्या सायंकाळी लेखकाने त्या पायाला हातच लावला नव्हता. ज्या हाताच्या गुणावर विश्वास ठेवून तो मनुष्य आला होता, तो हात टेबलावर लेखणी धरून बसला होता.

सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानातील आमपक्वैषणीय अध्यायात शोथ आम आहे, पच्यमान आहे की पक्व आहे हे ओळखण्याची लक्षणे सविस्तर दिली आहेत. बोटाने दाबले असता पडलेला खळगा पुन्हा भरून येणे, आणि एका बाजूस दाबले असता पखालीतील पाण्याप्रमाणे आतील पुवाचा दुसऱ्या बाजूस संचार जाणवणे, ही पक्व शोथाची चिन्हे स्पर्शानेच कळणारी आहेत. कफप्रधान आणि खोलवरच्या शोथात ही चिन्हे पूर्णपणे व्यक्त होत नाहीत व तेथे वैद्याची फसगत होते, असा इशाराही तेथेच दिलेला आहे. आम शोथ कापणारा आणि पक्व शोथाची उपेक्षा करणारा, या दोघांनाही त्यांनी सारखेच निंद्य ठरविले आहे. मधुमेही रुग्णाच्या पायातील संवेदना मंदावलेली असते, म्हणून वेदना नसणे हे तेथे आश्वासक लक्षण नसून धोक्याची सूचना असते, ही आधुनिक वैद्यकाची शिकवण या इशाऱ्याला पूरकच आहे. हे सारे लेखकाला पाठ होते. त्या सायंकाळी ते हातापर्यंत उतरले नाही.

देणगीविषयी शास्त्राची दृष्टी

आपल्या शास्त्राची परंपराच देणगीची परंपरा आहे. ब्रह्मदेवापासून दक्ष प्रजापती, त्यांच्यापासून अश्विनीकुमार, त्यांच्यापासून इंद्र, आणि इंद्राकडून भरद्वाजांनी मानवांसाठी आयुर्वेद आणला, असे चरकसंहिता सांगते. यातील एक बारकावा ध्यानात घेण्याजोगा आहे. भरद्वाज स्वतःच्या आरोग्यासाठी इंद्राकडे गेले नव्हते. रोगांनी पीडलेल्या प्राणिमात्रांसाठी ऋषींच्या वतीने गेले होते. मिळालेले ज्ञान त्यांनी ऋषींना दिले, आणि पुढे पुनर्वसु आत्रेयांनी ते अग्निवेश, भेल, जतूकर्ण, पराशर, हारीत आणि क्षारपाणि या सहा शिष्यांना दिले. घेतलेले पुढे देणे, हा या देणगीचा पहिला नियम आहे.

दुसरा बारकावा याच अध्यायात आहे. सहाही शिष्यांना उपदेश एकच मिळाला. तथापि प्रथम तंत्रकर्ता अग्निवेश झाला, तो गुरूंच्या उपदेशातील भेदामुळे नव्हे, स्वतःच्या बुद्धीच्या विशेषामुळे, असे तेथे स्पष्ट म्हटले आहे. अर्थात माणसामाणसांत जन्मतः काही कमीअधिक असते, हे शास्त्राला मान्य आहे. ते नाकारण्याचे कारण नाही.

मग प्रयत्नाचे स्थान कोणते? विमानस्थानातील जनपदोद्ध्वंसनीय अध्यायात दैव आणि पुरुषकार यांचा विचार आला आहे. पूर्वदेहातील कर्म ते दैव आणि या देहात केले जाते ते पुरुषकार. दोहोंच्या बलाबलावर आयुष्य अवलंबून असते आणि बलवान पुरुषकार दुर्बल दैवास मागे सारतो, असा तेथील अभिप्राय आहे. त्या गृहस्थांनी आपल्या नशिबाला दोष दिला. परंतु वैद्याचा पुरुषकार जेथे पांगळा पडला, तेथे रुग्णाच्या दैवाकडे बोट दाखविण्याचा अधिकार वैद्याला उरत नाही.

हातगुण समजून घेण्यास त्रिविध बलाची चौकट लेखकाला उपयोगी वाटते. चरकाचार्यांनी बल तीन प्रकारचे सांगितले : शरीर-मनाचे जन्मजात ते सहज, ऋतू व वय यांमुळे येणारे ते कालज, आणि आहार-विहाराच्या योजनेने मिळविलेले ते युक्तिकृत. हातातील कौशल्याचेही असेच तीन भाग पाडता येतील. काहींची बोटे उपजतच हलकी व जाणती असतात, हा सहज भाग. वर्षानुवर्षांच्या रुग्णपरीक्षणाने जी जाण येते, तो कालज भाग. आणि डोळसपणे, चुका तपासून केलेल्या अभ्यासाने जे साधते, तो युक्तिकृत भाग. पहिला सर्वस्वी ईश्वराधीन आहे. दुसऱ्यासाठी आयुष्य व रुग्णांचा विश्वास लागतो आणि तोही देणगीच आहे. तिसरा मात्र आपल्यावर सोपविलेला आहे. पहिल्या दोहोंचे मोल तिसऱ्याने ठरते.

रोग न ओळखता चिकित्सा आरंभणारा वैद्य औषधविधानात कुशल असला तरी त्याला मिळणारी सिद्धी यदृच्छेने मिळते, असे सूत्रस्थानात म्हटले आहे. अशा योगायोगाच्या यशाला हातगुण म्हणणे म्हणजे ईश्वराच्या नावावर आपला निष्काळजीपणा खपविणे होय.

हस्त : प्रधान यंत्र

सुश्रुतसंहितेत एकशे एक यंत्रांची गणना करून त्यांत हस्त हेच प्रधान यंत्र म्हटले आहे, कारण हातावाचून कोणतेही यंत्र चालत नाही. प्रभातसमयी करदर्शन करून हातात देवतेचा वास मानण्याची आपल्याकडील रीत आणि हे वचन एकत्र वाचावे. जे यंत्र ईश्वराने घडवून दिले, त्याला धार लावण्याचे काम त्याने आपल्यावर ठेवले आहे.

ती धार कशी लावावी, याचा पाठ योग्यासूत्रीय अध्यायात आहे. कोहळा, दुध्या, कलिंगड, काकडी अशा फळांवर छेदनकर्म; पाण्याने वा चिखलाने भरलेल्या चामड्याच्या पिशवीवर भेदन; केस असलेल्या ताणलेल्या चामड्यावर लेखन; मृत पशूंच्या सिरांवर व कमळाच्या देठांवर वेधन; किडीने पोखरलेल्या लाकडावर एषण; फणसाच्या गरावर आहरण; मेण लावलेल्या सावरीच्या फळीवर विस्रावण; जाड-पातळ वस्त्रांच्या व मऊ चामड्याच्या कडांवर सीवन; मनुष्याकृती बाहुल्याच्या अवयवांवर बंधन; आणि पाण्याने भरलेल्या घागरीच्या बाजूच्या छिद्रावर बस्तियंत्राचा अभ्यास. शास्त्राचे अध्ययन पूर्ण केलेला शिष्यही हा अभ्यास केल्याविना कर्मास योग्य होत नाही, असे तेथे सांगितले आहे. केवळ शास्त्र जाणणारा आणि केवळ कर्म जाणणारा हे दोघेही एका पंखाच्या पक्ष्याप्रमाणे अपुरे, ही सुश्रुतोक्त उपमा सर्वपरिचित आहे.

चरकाचार्यांनी वैद्याचे चार गुण सांगितले, त्यांत निर्मळ शास्त्रज्ञानाच्या जोडीला पुनःपुन्हा प्रत्यक्ष कर्म पाहिलेले असणे, दक्षता आणि शुचिता यांचा समावेश आहे. 'हातगुण' असा पाचवा गुण त्यांनी सांगितलेला नाही. हे चार गुण एका वैद्याच्या ठायी एकत्र आले की लोक त्यालाच हातगुण म्हणतात, असे लेखकाचे मत आहे.

देणगी कोणाच्या हाती राहते ?

याचे एक उदाहरण आपल्याच पुण्याच्या परिसरातील आहे. इंग्रज सैन्याबरोबर काम करणारा कावसजी नावाचा एक गाडीवान टिपू सुलतानाच्या सैन्याच्या हाती सापडला व त्याचे नाक कापले गेले. पुढे पुण्याजवळ विटा करणाऱ्या समाजातील एका कारागिराने त्याच्या कपाळाची त्वचा वळवून नवे नाक तयार केले. त्याआधी त्याने मेणाचा साचा करून कपाळावर माप घेतले होते. हा वृत्तान्त १७९४ साली लंडनच्या 'जेंटलमन्स मॅगझीन' या मासिकात चित्रासह प्रसिद्ध झाला. तो वाचून जोसेफ कार्प्यू या शल्यविदाने अभ्यास केला आणि १८१४ साली लंडनमध्ये हे कर्म यशस्वी करून दाखविले.

सुश्रुतसंहितेतील नासासंधानात झाडाच्या पानाने माप घेऊन गालाची त्वचा वापरावयास सांगितली आहे. या कारागिराने कपाळाची वापरली. म्हणजे त्याच्याकडे पोथी होती किंवा नव्हती, परंतु त्याच्याकडे जिवंत हात होता. ज्या काळात अनेक वैद्यघराण्यांत संहितेचे पठण चालू होते आणि शस्त्रकर्म सुटले होते, त्या काळात ही विद्या माती तुडविणाऱ्या हातांत टिकली. ईश्वराची देणगी पदवी विचारून येत नाही. जो हात तिचा अभ्यास करतो, त्याच्याकडे ती राहते.

आपल्या रायगड जिल्ह्यातील कातकरी बांधवांचे नावच खैरापासून कात काढण्याच्या कौशल्यावरून पडले आहे. कुष्ठघ्न द्रव्यांत खदिर श्रेष्ठ, हे आपण ग्रंथात वाचतो. खैराची पारख, त्याचा गाभा आणि त्याचा काढा आटविण्याची रीत ज्यांच्या हातात पिढ्यान्पिढ्या होती, त्यांच्यातील बहुतेकांना आज वीटभट्टीवर अथवा कोळसा पाडण्याच्या कामावर राबावे लागते. अशा माणसांकडून वनस्पतीची ओळख शिकण्यात वैद्याने कमीपणा मानू नये आणि त्यांच्या ज्ञानाचा योग्य मोबदला देण्यात कसर करू नये.

औषधनिर्मितीतील हात

औषधनिर्मात्यांसाठी या विषयाचे महत्त्व तितकेच आहे. पनवेल आणि आयुर्वेदीय औषधनिर्मिती यांचे नाते जुने आहे. १८७२ पासून चालत आलेल्या येथील 'श्री धूतपापेश्वर' या प्रसिद्ध औषधनिर्मितीसंस्थेचे नाव राजापूरजवळच्या शिवस्थानाचे आहे. आपल्याकडील अनेक रसशाळा देवतेच्या नावाने चालतात. देवाचे नाव पाटीवर असेल, तर कढईपाशी उभ्या असलेल्या माणसाच्या बोटांतही देवाची देणगी आहे, हे मालकाने विसरू नये.

स्नेहपाकाचे उदाहरण घ्यावे. कल्क बोटांत वळला असता त्याची वात होते, अग्नीत टाकला असता तडतडत नाही, तेल सिद्ध होताना फेस येतो आणि तूप सिद्ध होताना फेस शमतो, गंध-वर्ण-रस यथायोग्य येतात. नस्यासाठी मृदु, पान व बस्तीसाठी मध्यम, अभ्यंगासाठी खर असा पाकभेद आहे, आणि दग्धपाक टाकाऊ होय. मध्यम आणि खर यांतील अंतर कढईपाशी काही मिनिटांचे असते. अवलेहाची तार, पाण्यात टाकताच तळाशी बसणे, दाबल्यावर बोटाच्या रेषा उमटणे. भस्माचे बोटांच्या रेषांत शिरणे आणि पाण्यावर तरंगणे, या साऱ्या परीक्षा बोटे, कान, नाक व डोळे यांच्या आहेत.

२००० साली शेड्यूल टी लागू झाल्यापासून स्वच्छता, नोंदी व यंत्रसामग्री यांना शिस्त आली, हे स्वागतार्ह आहे. तापमापक आणि प्रयोगशाळेतील विश्लेषण यांची आवश्यकता लेखक पूर्णपणे मानतो. जड धातूंच्या बाबतीत तर बोटांची परीक्षा कदापि पुरेशी नाही. परंतु यंत्रावरचा आकडा आणि बोटांची जाण या एकमेकींच्या साक्षी आहेत. अनेक ठिकाणी तीस-तीस वर्षे पाक करणारा कारागीर निवृत्त होतो आणि त्याच्याबरोबर त्याची जाण घरी जाते. यासाठी तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. निवृत्तीपूर्वी किमान एक वर्ष त्याच्या हाताखाली एक तरुण नेमावा. प्रत्येक पाकाच्या नोंदीत तापमान व वेळ यांच्या शेजारी त्याने केलेल्या परीक्षांचे निष्कर्ष त्याच्याच शब्दांत लिहावेत. आणि पाक उतरविण्याबाबत त्याने शंका काढली, तर तिची नोंद झाल्याशिवाय माल पुढे जाऊ नये.

रुग्णाचे बळ हीदेखील देणगी

उलवे परिसरातील वैद्याला या विषयाची आणखी एक बाजू दिसते. आगरी हे नाव आगरावरून, मिठागरावरून आले. मिठागरे, भातखाचरे, खारबांध आणि खाडीतील मासेमारी यांवर येथील आगरी-कोळी समाज जगला. मिठाच्या वाफ्यात उन्हातान्हात फावडे ओढणे, भरतीचा अंदाज घेऊन जाळे टाकणे, फुटलेला बांध रात्रीतून बांधणे, ही बळाची आणि कौशल्याची कामे होती. १९७० साली सिडकोची स्थापना झाली, जमिनी संपादित झाल्या. पुढे विमानतळासाठी उलव्याची टेकडी कापली गेली, नदीचा प्रवाह वळविला गेला, गावे हलली. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन झाले. विकासाचे लाभ आहेतच. परंतु ज्या हातांना पिढ्यान्पिढ्यांचे काम होते ते हात रिकामे झाले, हेही खरे. मोबदल्यात पैसा आला आणि बैठे जीवनही आले. आस्यासुख, स्वप्नसुख, दही आणि नवान्न ही प्रमेहाची कारणे ग्रंथात वाचताना लेखकाला आपल्याच प्रतीक्षागृहातील बाके आठवतात.

अशा रुग्णाला "रोज चालत जा" एवढेच सांगून भागत नाही. दशविध परीक्षेत व्यायामशक्ती ही कर्मशक्तीवरून तपासावी, असे म्हटले आहे. म्हणून लेखक आता वृद्ध रुग्णांना विचारतो : काका, पूर्वी कोणते काम करीत होता? किती वजन उचलीत होता? जाळे विणता येते का? हा प्रश्न विचारताच माणूस ताठ बसतो, असा अनुभव आहे. त्याच्या उत्तरावरून पूर्वीच्या व आताच्या बळातील अंतर कळते आणि ओळखीच्या हालचालींतूनच व्यायाम सुचविता येतो. मात्र व्यायाम अर्धशक्तीनेच व्हावा. कपाळ, नाक व काखेत घाम येणे, तोंडाला कोरड पडणे आणि तोंडाने श्वास घ्यावा लागणे, या मर्यादेवर थांबावे. मधुमेही रुग्णास व्यायाम सांगण्यापूर्वी पाय उघडून तपासावेत आणि हृदयविकाराची शंका असल्यास आधी तज्ज्ञाकडे पाठवावे. ईश्वराने दिलेले बळ पुरवून वापरावयाचे असते, हे रुग्णाइतकेच रात्री अकरापर्यंत चिकित्सालय उघडे ठेवणाऱ्या वैद्यालाही लागू आहे.

उपसंहार

कौशल्य व बळ या ईश्वराच्या देणग्या आहेत असे मानल्याने दोन गोष्टी साधाव्यात. यश मिळाले असता अहंकार होऊ नये, कारण मूळ भांडवल आपले नव्हे. आणि अपयश आले असता हिशेब द्यावा, कारण ते भांडवल आपल्याकडे ठेव म्हणून होते. पहिली गोष्ट आपण सहज म्हणतो, दुसरी टाळतो. दोन्ही पाळल्या तरच श्रद्धा पूर्ण होते.

त्या प्रसंगानंतर लेखकाने एक नियम केला. प्रत्येक मधुमेही रुग्णाचे दोन्ही पाय, बोटांच्या बेचक्यांसह, पादत्राणे काढून हाताने तपासल्याविना औषध लिहावयाचे नाही. दहा ग्रॅमचा मोनोफिलामेंट चिकित्सालयात असतो. उष्ण, सुजलेला, पाणी धरल्यासारखा भाग हाती लागला, तर रुग्णास त्याच दिवशी शल्यचिकित्सकाकडे पाठवावयाचे, आणि तो पोहोचला की नाही याची चौकशी करावयाची. रुग्ण थोडे कमी पाहिले जातात. ते गृहस्थ आजही येतात. त्यांचा पाय लेखक प्रत्येक वेळी स्वतः हातात घेतो.

स्वाध्याय

१. गेल्या महिन्यातील कोणत्या तीन रुग्णांचे निदान आपण स्पर्शपरीक्षेविना केले, ते आठवून लिहावे.

२. आपल्या हातातील सहज, कालज व युक्तिकृत भाग कोणते, याचा विचार करावा.

३. योग्यासूत्रीय अध्यायातील कोणता अभ्यास आपण आपल्या साहाय्यकास या तिमाहीत शिकवू शकाल?

४. औषधनिर्मात्यांनी आपल्या रसशाळेतील सर्वांत अनुभवी कारागिराकडून एका पाकाच्या परीक्षा त्याच्याच शब्दांत लिहून घ्याव्यात.

॥ श्री धन्वंतरये नमः ॥

— एक सभासद वैद्य, बी.ए.एम.एस., उलवे, ता. पनवेल